आपल्याच मतांच्या घुमटातून बाहेर पडताना

फोन उघडला की पटणारंच समोर येतं. न पटणारं आलंच तर कुणाच्या तरी टिंगलीचा विषय होऊन येतं. असं वर्ष-दोन वर्षं चाललं की शहाणी माणसं सगळी आपल्याच बाजूला आहेत आणि पलीकडे फक्त मूर्ख किंवा विकले गेलेले लोक उरलेत, अशी खात्री वाटू लागते. यावर बहुतेक जण एकच उपाय सांगतात: दुसऱ्या बाजूच्या लोकांना फॉलो करा. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण नुसतं तेवढंच केलं तर परिणाम उलटा होऊ शकतो.

ड्यूक विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ ख्रिस बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रत्यक्ष करून पाहिलं. ट्विटर वापरणाऱ्या अमेरिकी रिपब्लिकन आणि डेमोक्रॅट, म्हणजे तिथल्या दोन मुख्य पक्षांच्या, लोकांना थोडे पैसे देऊन महिनाभर एक खातं फॉलो करायला लावलं. ते खातं विरुद्ध बाजूच्या नेत्यांचे आणि माध्यमांचे संदेश पुढे पाठवायचं. 2018 मध्ये निष्कर्ष छापून आले. रिपब्लिकन लोक महिन्याअखेर आपल्या बाजूला आणखी सरकले होते. डेमोक्रॅटही किंचित आपल्याच बाजूला सरकलेले दिसले, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकण्याइतका नव्हता. मवाळ मात्र कोणताच गट झाला नव्हता.

याचा अर्थ दुसरी बाजू वाचू नये असा नाही. ती कोणाकडून, कधी आणि कशी वाचायची, याला क्रम आहे. तो क्रम चुकला की माणूस चार दिवस चिडचिड करून पुन्हा आपल्या कोपऱ्यात जाऊन बसतो. पुढच्या पायऱ्या म्हणूनच या क्रमाने दिल्या आहेत, आणि दुसऱ्या बाजूची पायरी बरीच नंतर येते.

पायरी 1: आपल्यापर्यंत काय पोहोचतं ते लिहून काढा

एक वही घ्या. आठवडाभर, दिवसातून एकदा, फीडमधल्या, म्हणजे अॅप उघडल्यावर समोर येणाऱ्या यादीतल्या, पहिल्या वीस पोस्टची नोंद करा. विषय काय, मुळात कोणी प्रसिद्ध केलं, बातमी होती की मत, वाचून राग आला, भीती वाटली, समाधान झालं की कुतूहल जागं झालं, आणि आपण लिंक उघडली की मथळ्यावरच थांबलो. यात आणखी एक रकाना आखा, तो सर्वांत महत्त्वाचा: दुसऱ्या बाजूचं म्हणणं त्या बाजूच्या माणसाने स्वतः मांडलेलं होतं, की आपल्या बाजूच्या कोणी तरी आपल्याला सांगितलेलं?

दुसरी बाजू आपल्याला चांगली ठाऊक आहे असं जवळजवळ प्रत्येकाला वाटतं, कारण ती रोज दिसते. पण दिसते ती वेचून आणलेली असते. त्या बाजूचा सर्वांत आक्रस्ताळा माणूस, त्याच्या तासाभराच्या भाषणातलं सर्वांत वाईट वाक्य, दहा सेकंदांचा कापलेला व्हिडिओ आणि त्यावर आपल्या माणसाचा शेरा. या ओळखीतून माहिती वाढत नाही, तिरस्कार तेवढा वाढतो. माझ्या मते घुमटाची खरी भिंत इथे आहे. विरोधी आवाज आत येतो, पण आपणच सहज हरवू शकू अशा दुबळ्या रूपात येतो, आणि त्यामुळे आपल्या मतांची कधी परीक्षाच होत नाही.

आठवड्याअखेर नोंदी मोजा. किती पोस्ट राग आणणाऱ्या होत्या, किती लिंक उघडल्या, दुसरी बाजू तिच्याच तोंडून किती वेळा ऐकली. आकडे कसेही आले तरी त्यावर लगेच काही करू नका. पुढच्या पायऱ्यांत कुठे जोर द्यायचा हे ठरवण्यापुरते ते वापरा.

पायरी 2: यंत्राची पकड सैल करा

फीडचा अल्गोरिदम, म्हणजे कोणती पोस्ट आधी दाखवायची हे ठरवणारी संगणकाची रीत, तुमच्या मतांची बाजू घेत नाही. तुम्ही कुठे थांबता, कशावर बोट ठेवता, काय पुढे पाठवता एवढंच तो पाहतो आणि तसंच आणखी आणून देतो. 2017 पासून काही काळ फेसबुकच्या क्रमवारीत भावना दाखवणाऱ्या चिन्हांना, म्हणजे रागाच्या चिन्हालाही, साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं दिसलं की राजकीय ट्वीटमध्ये नैतिक संताप किंवा तत्सम भावना व्यक्त करणारा एकेक शब्द वाढला की त्याचा प्रसार साधारण 20 टक्क्यांनी वाढतो. संतापलेली भाषा जास्त दूर जाते, म्हणून जास्त लिहिली जाते.

इथे करायच्या गोष्टी थोड्या आहेत आणि अर्ध्या तासात उरकतात. जिथे सोय असेल तिथे शिफारशींची फीड सोडून ‘फॉलोइंग’ची, वेळेच्या क्रमाने येणारी फीड निवडा. यूट्यूबवरचा पाहिल्याचा इतिहास पुसा आणि त्याची नोंद बंद करा; 2023 पासून हा इतिहास बंद असेल तर मुख्य पानावर शिफारशींचा ढीग येत नाही. बातम्यांच्या अॅपचे इशारे बंद करा. चीड आणणाऱ्या पोस्टवर रागाचं चिन्ह टाकू नका आणि टिंगल करण्यासाठी ती पुढे पाठवू नका, कारण यंत्राच्या लेखी तोही तुमचा रसच असतो. आणि बातम्या वाचायच्या तेव्हा ठरलेल्या वेळी, थेट प्रकाशकाच्या संकेतस्थळावर, ईमेलने येणाऱ्या न्यूजलेटरमधून किंवा आरएसएस रीडरमधून, म्हणजे निवडलेल्या संकेतस्थळांवरचे नवे लेख एका जागी गोळा करणाऱ्या अॅपमधून, वाचा.

यातून शांतता मिळेल. मतं बदलतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नका. अमेरिकेतल्या 2020 च्या निवडणुकीच्या काळात फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या काही वापरकर्त्यांना तीन महिने वेळेच्या क्रमाची फीड देण्यात आली होती. 2023 मध्ये निष्कर्ष आले. लोकांचा त्या अॅपवरचा वेळ कमी झाला, समोर येणारा मजकूरही बदलला, पण त्यांच्या राजकीय मतांत आणि दुसऱ्या बाजूबद्दलच्या कडवटपणात मोजता येईल असा फरक पडला नाही. त्याआधी, 2015 मध्ये, फेसबुकच्याच संशोधकांनी एक कोटीहून अधिक अमेरिकी खात्यांचा अभ्यास करून म्हटलं होतं की विरुद्ध मजकूर टाळण्यात अल्गोरिदमपेक्षा माणसाच्या स्वतःच्या निवडीचा वाटा मोठा असतो. हा निष्कर्ष कंपनीच्या सोयीचा आहे, हे लक्षात ठेवूनच तो वाचावा. तरीही भिंतीचा बराच भाग आपल्या बाजूने बांधलेला असतो, हे नाकारता येत नाही.

पायरी 3: बातमीचा कल वाचायला शिका

पक्षपात म्हटलं की आपण खोट्या बातम्यांचा विचार करतो. पण एकही वाक्य खोटं न लिहिता वाचकाला हव्या त्या बाजूला नेता येतं, आणि चांगली माध्यमंसुद्धा कधी जाणूनबुजून, कधी नकळत ते करतात. ते ओळखण्याचा सर्वांत चांगला मार्ग म्हणजे एकाच घटनेच्या तीन बातम्या शेजारी शेजारी ठेवणं. एक तुमच्या आवडीच्या माध्यमातली, एक तुम्ही टाळता त्यातली आणि एक रॉयटर्स, एपी किंवा एएफपी यांसारख्या वृत्तसंस्थेची. वृत्तसंस्थांची बातमी वेगवेगळ्या कलांची माध्यमं विकत घेतात, त्यामुळे तिची भाषा सहसा कोरडी असते आणि तुलनेला बरी पडते. तिन्ही वाचून पुढच्या गोष्टी शोधा.

आधी क्रियापदं पाहा. ‘जमाव कार्यालयात घुसला’ आणि ‘आंदोलक कार्यालयात गेले’ ही एकाच क्षणाची वर्णनं असू शकतात. ‘पोलिसांनी तिघांना गोळ्या घातल्या’ आणि ‘गोळीबारात तिघांचा मृत्यू’ यांत मेलेले तितकेच आहेत, पण दुसऱ्या वाक्यात गोळी चालवणारा नाहीसा झालेला असतो. नेत्याने ‘सांगितलं’, ‘कबूल केलं’, ‘दावा केला’ की ‘ठणकावलं’, यावरून बातमीदाराचा त्याच्यावर किती विश्वास आहे ते कळतं.

मग आकडे. एखाद्या औषधाने धोका ‘50 टक्क्यांनी वाढतो’ असं वाचलं तर विचारा, किती होता तो किती झाला? हजारात 2 जणांना होणारा त्रास 3 जणांना होऊ लागला तरी वाढ 50 टक्केच. दोन्ही वाक्यं खरी, पण वाचणाऱ्याच्या पोटात गोळा आणणारं एकच. मानसशास्त्रज्ञ आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी 1981 मध्ये याचं नेमकं प्रात्यक्षिक दिलं. 600 जणांना धोका असलेल्या एका कल्पित साथीवर दोन योजना त्यांनी लोकांपुढे ठेवल्या, एक खात्रीच्या निकालाची आणि दुसरी नशिबावर सोडणारी. खात्रीच्या योजनेत ‘200 जण वाचतील’ असं सांगितलं तेव्हा 72 टक्के लोकांनी ती निवडली. दुसऱ्या गटाला तीच योजना ‘400 जण मरतील’ अशा शब्दांत सांगितली, तेव्हा ती निवडणारे 22 टक्केच निघाले.

यानंतर पाहायचं ते कोण बोललं आणि किती. बातमीत कोणाचं थेट वक्तव्य आहे आणि कोणाचं म्हणणं एका ओळीत गुंडाळलंय? ‘तज्ज्ञांच्या मते’ म्हणजे कोणत्या? फोटोत कोणाचा चेहरा त्वेषाने ओरडताना टिपलाय? दुसऱ्या बाजूचा मुद्दा बाराव्या परिच्छेदात आहे का, जिथवर थोडेच वाचक पोहोचतात?

आणि सर्वांत अवघड, जे आलंच नाही ते. माध्यमांचे अभ्यासक मॅक्सवेल मॅकोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी 1968 च्या अमेरिकी निवडणुकीत चॅपल हिल गावातल्या मतदारांचा अभ्यास केला. माध्यमांनी ज्या विषयांना जास्त जागा दिली, तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. एखाद्या माध्यमाने विषयच घेतला नाही तर त्या बातमीत पक्षपात शोधणार कुठे? म्हणून आठवड्यातून एकदा टाळत असलेल्या माध्यमाचं पहिलं पान उघडा आणि आपल्याकडे अजिबात न आलेल्या दोन बातम्या शोधा. वेळ कमी असेल तर या पायरीतलं बाकी सारं सोडून एवढं एक केलं तरी चालेल.

‘ही बातमी आपल्याविरुद्ध झुकलेली आहे’ असं वाटणं हा पक्षपाताचा पुरावा नसतो, हेही इथेच सांगायला हवं. लेबनॉनच्या बैरूत शहरात 1982 मध्ये झालेल्या पॅलेस्टिनी निर्वासितांच्या हत्याकांडाच्या टीव्ही बातम्या स्टॅनफर्डमधल्या इस्रायलसमर्थक आणि अरबसमर्थक विद्यार्थ्यांना दाखवल्या गेल्या. बातम्या त्याच होत्या. त्या आपल्या बाजूवर अन्याय करतात, असं दोन्ही गटांना वाटलं. हा अभ्यास 1985 चा, म्हणजे समाजमाध्यमांच्या कितीतरी आधीचा.

पायरी 4: पानावर थांबू नका, आजूबाजूला पाहा

अनोळखी संकेतस्थळावर आलात तर ते पान बारकाईने वाचत बसू नका. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सॅरा मॅग्रू यांनी इतिहासाचे प्राध्यापक, हुशार विद्यार्थी आणि पेशाने तथ्य-पडताळणी करणारे यांना काही संकेतस्थळं तपासायला दिली. प्राध्यापक आणि विद्यार्थी पानावरच राहिले आणि सुबक बोधचिन्ह, भारदस्त नाव, संदर्भांची यादी यांना अनेकदा भुलले. पडताळणी करणारे काही क्षणांतच पानावरून बाहेर पडले, नवे टॅब उघडले आणि या संस्थेबद्दल इतर लोक काय म्हणतात ते पाहिलं. कमी वेळात अधिक अचूक उत्तर त्यांनाच मिळालं.

तीच रीत आपण वापरायची. संस्थेचं नाव शोधा, तिला पैसा कुठून येतो ते पाहा. बातमीत ‘एका अहवालानुसार’ असं असेल तर तो अहवाल उघडा आणि निदान त्याचा गोषवारा आणि मर्यादांचा भाग वाचा. व्हिडिओचा तुकडा असेल तर पूर्ण व्हिडिओ शोधा आणि त्या वाक्याच्या आधीची-नंतरची दोन मिनिटं ऐका. फोटो संशयास्पद वाटला तर गुगल लेन्स किंवा टिनआय या फोटो शोधणाऱ्या साधनांवर टाकून तो पहिल्यांदा कधी आला ते पाहा; जुना फोटो नव्या घटनेला चिकटवणं ही सर्वांत स्वस्त लबाडी आहे. मजकूर बदललाय किंवा काढून टाकलाय अशी शंका असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जुनी प्रत मिळू शकते.

हे प्रत्येक बातमीसाठी करणं शक्य नाही आणि गरजही नाही. जी बातमी पुढे पाठवणार आहात किंवा जिच्यामुळे एखाद्याबद्दलचं मत बदलणार आहे, तिच्यासाठी करा. आणि विशेषतः जी वाचून ‘बघा, मी म्हणतच होतो’ असं वाटलं, तिच्यासाठी. तिथे आपण सर्वांत सैल असतो. शिवाय एखादं विधान पुन्हा पुन्हा कानावर पडलं की ते अधिक खरं वाटू लागतं, हे 1977 पासूनच्या प्रयोगांत वारंवार दिसलंय. दहा खात्यांवर दिसलेली गोष्ट दहा पुराव्यांची असेलच असं नाही. मुळात एकच पोस्ट फिरत असू शकते.

पायरी 5: दुसरी बाजू निवडून वाचा

आता दुसरी बाजू. दोन किंवा तीन लेखक, पत्रकार किंवा अभ्यासक निवडा, जास्त नकोत. निवडीची कसोटी कडक ठेवा. तो आपल्याच बाजूवर कधी टीका करतो का? चूक झाली तर उघडपणे दुरुस्त करतो का? पुरावा कुठे आहे ते सांगतो का? त्याला विचारणारा भेटला तर उत्तर देतो की टोमणा मारतो? या कसोट्यांना उतरणारा एक माणूस हा आरडाओरडा करणाऱ्या पन्नास खात्यांपेक्षा जास्त उपयोगाचा. बेल यांच्या प्रयोगातलं खातं नेते आणि संस्थांचे छोटे संदेश मिसळून पाठवत होतं. तुम्ही लांब लेख आणि पूर्ण मुलाखती वाचा, ऐका. सुरुवात ज्यावर तुमचं रक्त उसळतं त्या विषयापासून करू नका. करव्यवस्था, शहरातली वाहतूक, परीक्षापद्धती असा एखादा विषय घ्या, जिथे ओळखीला धक्का न लागता मत हलू शकतं.

त्यांना फीडवर फॉलो करून भागणार नाही. अर्थशास्त्रज्ञ रोई लेवी यांच्या 2021 च्या अभ्यासात लोकांनी विरुद्ध बाजूच्या माध्यमांची पानं फेसबुकवर स्वतःहून घेतली, तरी अल्गोरिदम त्यांच्या पोस्ट कमी दाखवत होता. म्हणून न्यूजलेटर किंवा थेट संकेतस्थळच बरं. त्याच अभ्यासात एक आशेची गोष्टही दिसली. ज्यांच्यापर्यंत हा मजकूर पोहोचला त्यांची राजकीय मतं बदलली नाहीत, पण विरुद्ध पक्षाबद्दलचा कडवटपणा कमी झाला. मला हे फळ लहान वाटत नाही. मतभेद राहोत, समोरचा माणूस राक्षस वाटेनासा झाला तरी एकत्र राहणं शक्य होतं.

वाचून झालं की त्या लेखकाचं म्हणणं चार वाक्यांत, त्याला मान्य होईल अशा शब्दांत लिहा. ‘ते म्हणतात की गरिबांचं काही का होईना’ असं लिहिलं असेल तर परत वाचा, तुम्हाला ते अजून कळलेलं नाही.

दोन्ही बाजू वाचायच्या म्हणजे सत्य मधोमध असतं असं मानायचं नाही. 1998 मध्ये ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफील्ड यांनी अवघ्या 12 मुलांच्या निरीक्षणावरून एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लस आणि स्वमग्नता (ऑटिझम) यांचा संबंध सुचवला. अनेक माध्यमांनी वर्षानुवर्षं ‘दोन बाजू’ म्हणून हा वाद चालवला. पुढे मोठ्या अभ्यासांत असा संबंध सापडला नाही आणि 2010 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाने तो शोधनिबंधच मागे घेतला. वस्तुस्थितीच्या प्रश्नात पुराव्याचं वजन पाहायचं. काय करायला हवं, कोणत्या मूल्याला अग्रक्रम द्यायचा, अशा प्रश्नांतच दोन बाजूंना सारखी खुर्ची शोभते.

पायरी 6: आपल्या मनाला अडवा

1979 मध्ये मानसशास्त्रज्ञ चार्ल्स लॉर्ड, ली रॉस आणि मार्क लेपर यांनी फाशीच्या शिक्षेचे समर्थक आणि विरोधक अशा विद्यार्थ्यांना दोन अभ्यास वाचायला दिले. एक अभ्यास एका बाजूचा, दुसरा दुसऱ्या बाजूचा. दोन्ही गटांना न पटणाऱ्या अभ्यासातल्या त्रुटी चटकन दिसल्या, पटणारा भक्कम वाटला, आणि आपलं मत अधिक पक्कं झालं असं त्यांनी सांगितलं. 1984 मध्ये त्याच धर्तीच्या प्रयोगात एका गटाला नुसतं ‘निःपक्षपाती राहा’ असं बजावलं. त्याचा उपयोग झाला नाही. दुसऱ्या गटाला विचारायला सांगितलं: याच पद्धतीने केलेल्या अभ्यासाचा निष्कर्ष उलटा आला असता, तर मी त्याला हेच गुण दिले असते का? या प्रश्नाने एकांगीपणा खरोखर कमी झाला.

हा प्रश्न कागदावर लिहून समोर ठेवा. नेत्याचं वक्तव्य असेल तर पक्षाचं नाव बदलून वाचा. न्यायालयाचा निकाल असेल तर आरोपीची बाजू बदलून पाहा.

एखाद्या धोरणाबद्दल ठाम मत असेल तर ते ‘का बरोबर आहे’ हे लिहू नका. ते राबवलं तर एकापाठोपाठ एक काय घडेल ते लिहा. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांच्या 2013 च्या अभ्यासात कारणं सांगणारे लोक आपल्या मतावर तसेच राहिले. धोरण प्रत्यक्ष कसं चालतं हे समजावायला बसलेल्यांना आपलं अज्ञान जाणवलं आणि ते थोडे मवाळ झाले.

चार्ल्स डार्विन यांनी आत्मचरित्रात स्वतःची एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरोधात जाणारी गोष्ट दिसली की ते ती लगेच टिपून ठेवत, कारण सोयीच्या गोष्टींपेक्षा अशा गोष्टी लवकर विसरल्या जातात असा त्यांचा अनुभव होता. फोनमध्ये अशी एक नोंद उघडा. वर तुमचं मत, त्याखाली ‘काय कळलं तर मी हे मत बदलेन’ याचं उत्तर, आणि त्याखाली तारखांसह विरोधात जाणाऱ्या गोष्टी. उत्तराची जागा रिकामी राहिली तर ते मत पुराव्यावर उभं नाही, एवढं तरी कळेल.

पायरी 7: माणसांशी बोला, आणि गटात वागण्याची रीत ठरवा

वेगळ्या मताचं, पण तुमचं भलं चिंतणारं एक तरी माणूस शोधा: आत्या, मेहुणा, जुना सहकारी. सगळ्यांसमोर नको, दोघंच बोला, आणि शक्यतो समोरासमोर. ‘तुला असं का वाटतं?’ यापेक्षा ‘तुला हे पहिल्यांदा कधी वाटायला लागलं?’ हा प्रश्न चांगला. पहिल्याचं उत्तर वादाच्या तयारीने येतं, दुसऱ्याचं अनुभवातून.

गटांमध्ये एकच नियम पाळा, मूळ स्रोत पाहिल्याशिवाय काही पुढे पाठवायचं नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या संशोधकांनी 2006 ते 2017 या काळातल्या ट्विटरवरच्या सुमारे 1,26,000 बातम्यांचा प्रवास तपासला. खोट्या बातम्या खऱ्यांपेक्षा पुढे पाठवल्या जाण्याची शक्यता 70 टक्क्यांनी जास्त होती, आणि ते काम प्रामुख्याने बॉट (संगणकाने आपोआप चालवलेली खाती) नव्हे, माणसं करत होती. कोणी चुकीचं काही टाकलं तर आधी त्या व्यक्तीला वेगळं कळवा. तिने ते काढलं नाही तर गटात दुरुस्ती द्या, दोन ओळींत, दुव्यासह, विशेषणांविना. आणि तुम्ही पाठवलेलं चुकीचं निघालं तर नुसतं पुसून टाकू नका. ज्या ज्या गटांत ते गेलं त्या प्रत्येकात ‘हे चुकीचं होतं, खरं असं आहे’ असं लिहा, म्हणजे ज्यांनी ते पुढे पाठवलं त्यांनाही थांबता येईल.